जखम उघडी ठेवायची की झाकायची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पतंगांचं उत्तरायण झालं की इथे बडोद्यात दांडिया बाजारातल्या ओळखीचं कुणी ना कुणी मांजाने कापलेलं बोट पुढे करतं. "ताई, उघडंच ठेवू ना? वारं लागलं की लवकर सुकेल." मी प्राणिशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. खोल कापलं असेल, रक्त थांबत नसेल, तर आधी दवाखाना गाठायचा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारायचं. साधी जखम मात्र स्वच्छ धुऊन झाकावी, हे मी ठामपणे सांगते.

जखम सुकणं वेगळं, भरणं वेगळं. त्वचेच्या पेशी एरवी एकमेकींना आणि खालच्या थराला घट्ट धरून असतात. कापलं की कडेच्या पेशी ही पकड सैल करतात, पातळ पसरट कड पुढे काढतात आणि रांगू लागतात. मागच्या पेशी त्यांच्याबरोबर सरकतात, त्यांच्याही मागे नव्या तयार होतात. नुसतं खरचटलं असेल तर केसांच्या मुळांतूनही पेशी वर येतात. पण रांगायला ओल लागते. कडक खपली धरली की त्यांना तिच्याखालून, ओलावा असेल तिथून वाट काढावी लागते. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या उथळ जखमांवर पॉलिथिन लावून पाहिलं. उघड्या जखमांपेक्षा त्यांवर जवळजवळ दुप्पट वेगाने नवी त्वचा आली.

गर्भाची रीत निराळी, आणि मला तीच जास्त विलक्षण वाटते. कोंबडीच्या गर्भाच्या कोवळ्या पंखावर जखम केली तर पेशी रांगत नाहीत. कडेच्या प्रत्येक पेशीत अ‍ॅक्टिन या प्रथिनाचा दोर तयार होतो, शेजारणीच्या दोराला जोडला जातो, आणि बटव्याची नाडी ओढावी तसं भोक आवळत जातं. फळमाशीच्या गर्भाच्या पाठीवर तर जखमेवाचूनच खिंडार असतं. दोन्हीकडची त्वचा काही तासांत त्यावर येते, आणि कडेच्या पेशी बारीक तंतूंनी समोरची नेमकी जोडीदार शोधून जुळतात.

माणसाच्या गर्भातही अशी मिटावी लागणारी जागा आहे. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती न्यूरल ट्यूब गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. पाठीकडे ती उघडी राहिली तर बाळाला स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटण्याचा जन्मजात दोष, होतो. म्हणून बोट दाखवायला आलेल्या नव्या सुनांना मी हा धोका कमी करणाऱ्या फॉलिक अ‍ॅसिडचंही सांगते: रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याआधीपासून. कारण ती नळी मिटते तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात.