मूग रानात ठेवून

मूग तोडायला आला आणि त्याच आठवड्यात आमची पायी दिंडी निघाली. वैजापूर तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन. शेंगा वाळल्या की मूग थांबत नाही, आणि वरून पाऊस झाला तर शेंगेतच मोड फुटतात. दीर म्हणाले, "वहिनी, देव काय कुठं पळून चाललाय? पुढच्या वर्षी जा." चार वर्षं हेच ऐकून मी घरी राहिले होते. यंदा भाकरी बांधल्या आणि निघाले.

८ सप्टेंबर हा येशूच्या आईचा, पवित्र मरियेचा जन्मदिन. त्या सुमारास गोदावरीपलीकडे, श्रीरामपूर तालुक्यातल्या हरिगावला तिची, म्हणजे मतमाउलीची, यात्रा भरते. पुढे क्रूस, मागे टाळ-ढोलकी, हातात जपमाळ. शिऊरच्या संत बहिणाबाईंचा आणि वारकऱ्यांच्या सरला बेटाचा हा मुलूख. चालत देवाकडे जाणं इथल्या पायांना शिकवावं लागत नाही.

पहिल्या मुक्कामी शाळेच्या ओसरीत एका मावशींनी बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय वाचला. बेथानीच्या मरियेनं जटामांसीचं मोलाचं तेल येशूच्या पायांवर ओतलं, आपल्या केसांनी पाय पुसले. येशूचा शिष्य यहूदा म्हणाला, हे तीनशे दीनारांना विकता आलं असतं. मावशी म्हणाल्या, "दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आपली खुरपणीची तीनशे रुपये रोज धरा." आम्ही सगळ्या रोजानं जाणाऱ्या बाया, हिशोब लगेच झाला. नव्वद हजार! ओसरीवर कुणीच बोलेना.

मला मात्र झोप लागली नाही. भाऊ लाजर मेला तेव्हा हीच मरिया येशूच्या पायाशी रडली होती. आता लाजर जिवंत होऊन पंगतीला बसलाय आणि ती काहीच मागत नाही, नुसती ओतते आहे. माझ्या पिशवीत मागण्यांचा कागद होता: लेकाची नोकरी, बोअरला पाणी, ह्यांचा गुडघा. मी येशूकडे निघाले होते की त्याच्या हातातल्या वस्तूंकडे?

जो माझ्यापेक्षा मुलावर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही, हे प्रभूचं वचन मला कायम जड गेलं. आईनं हे कसं ऐकायचं? पण खरं सांगते, ज्या दिवशी सकाळी माझा जीव येशूपाशी लागलेला असतो, त्या दिवशी मी लेकाला टोचून बोलत नाही. लेकालाच देव करून बसते, त्या दिवशी त्याला माझं ओझं होतं.

गोदावरीच्या पुलावर पाऊस आला. ह्यांचा फोन. "मूग भिजतोय गं."

पोटात धस्स झालं. "अहो, निघेल तेवढा काढा. बाकीचा भिजू द्या." एवढं बोलले आणि क्रूसामागे चालू लागले. रडले, पण पाय मागे वळले नाहीत.

हरिगावला गर्दीत मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, ऐकली. काना गावच्या लग्नात येशूची आई मरिया चाकरांना म्हणाली होती, "तो तुम्हाला सांगेल ते करा." ती माउली अजूनही त्याच्याकडेच बोट दाखवते. मिस्सेतला प्रसाद, ख्रिस्तशरीर, घेतलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, "प्रभू, मी आले." कागद पिशवीतच राहिला.

घरी आले तर निम्मा मूग काळा पडलेला. दोन दिवस सूप घेऊन निवडत बसले. निवडलेल्यातला पहिला पायलीभर चर्चच्या अर्पणासाठी बाजूला काढला, बियाण्याचा नंतर.