रेक्झिनपासून क्लिपांपर्यंत : आमची वाटचाल

आमचं दुकान मुळात गादीकामाचं. वडील बेळगावच्या शहापुरात सोफे शिवायचे, आणि खानापूर, चंदगडकडच्या वडापच्या, म्हणजे प्रवासी वाहतुकीच्या, ट्रॅक्स जीपा आल्या की त्यांच्या सीटासुद्धा. उन्हानं डॅशबोर्ड तडकला की वर पातळ फोम, त्यावर रेक्झिन, आणि सोल्युशन लावून ताणून बसवायचं. काम झटपट व्हायचं, दिसायचंही झकास.

मी धंद्यात आलो तोवर गाड्या बदलल्या होत्या. स्टिरिओभोवतीची फ्रेम, एसीच्या जाळीची कड, मधली चंदेरी पट्टी, सगळं सुटं प्लास्टिक, आतून क्लिपांवर बसवलेलं. आज आमचं निम्मं काम याच पट्ट्या बदलायचं. बहुतेक गाड्या येतात त्या कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटल्यावर. आम्ही नायलॉनच्या पट्टीनं कडेकडेनं सोडवतो. जुन्या क्लिपेचा तुकडा भोकात अडकलेला असतो, तो पक्कडीनं काढल्याशिवाय नवी पट्टी बसतच नाही. दाबून बसवली तर चोर्ला घाटात कडकड वाजते आणि गिऱ्हाईक गोव्याहून फोन करतं. डिसेंबरातल्या बेळगावच्या थंडीत प्लास्टिक कडक होतं, म्हणून सकाळी आधी हीट गनची थोडी ऊब. आमचे कारागीर कन्नड बोलणारे, त्यामुळे दुकानात दिवसभर ‘निधान, निधान’ (म्हणजे ‘सावकाश, सावकाश’) चाललेलं असतं.

‘एवढीशी पट्टी आणि एवढी मजुरी?’ हे रोजचंच. मालक, पट्टी स्वस्तच आहे, तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो!

रंग हवा असेल तर आधी पट्टी उलटी करून बघतो. मागे प्लास्टिकचा प्रकार छापलेला असतो. ‘एबीएस’ असेल तर रंग धरतो. ‘पीपी’ असेल तर त्याचा खास प्रायमर लागतो, नाहीतर पापुद्रे सुटतात. चकचकीत पॉलिशचा सिलिकॉनही आधी पुसून काढावा लागतो, त्यावर पट्टीला लावायची फिल्म चिकटत नाही.

वडिलांची रेक्झिनची पद्धत मात्र एअरबॅगनं बंद पाडली. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. १ एप्रिल २०२१ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलना शेजारच्या सीटचीही. ती शेजारची पिशवी डॅशबोर्डाच्या आत घडी घालून ठेवलेली असते आणि वरचं कव्हर ठरलेल्या रेषेवर फाडून बाहेर येते. त्यावर रेक्झिन ताणलं तर ती अडेल किंवा भलतीकडेच उघडेल. म्हणून तिथे आम्ही काहीच चिकटवत नाही, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल. त्या भागाजवळ काम असलं की बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबतो, कारण सर्किटमध्ये वीज साठून राहते. एअरबॅगच्या वायरींच्या पिवळ्या कनेक्टरला नव्या पोरांनी हात लावायचा नाही.

वडील अजून दुपारी येऊन बसतात. जुनी जीप आली की रेक्झिनचं काम त्यांच्याकडे. सध्या चंदगडची एक उभी आहे. रंग कुठला घ्यायचा यावर मालकाचं आणि त्यांचं अजून जमलेलं नाही.