एरंगळच्या किनाऱ्यावर दात शोधताना

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या आठ वर्षांच्या लेकीला मुंबईत मढजवळच्या एरंगळच्या वाळूत एक दाढ सापडली होती. गोलसर उंचवटे, खाली मुळं, हुबेहूब माणसाची वाटावी अशी. मी इतकी घाबरले की ती रुमालात बांधून घरी आणली आणि दोन रात्री नीट झोप लागली नाही. शेवटी मामाला फोटो पाठवला. मामा पशुसंवर्धन खात्यातून रिटायर झालाय, आयुष्यभर जनावरांची तोंडं उघडून बघितलीत त्याने. लगेच फोन आला, "अगं डुकराची आहे ती, पिल्लाची दुधाची दाढ. उंचवटे मोज बघू." मोजले तर सहा, दोन-दोनच्या तीन जोड्या, आणि दाढ लांबट. माणसाच्या दाढेला चार किंवा पाच असतात आणि ती चौकोनी दिसते. मढ-एरंगळ पट्ट्यात ख्रिस्ती गावठाणं आहेत, डुकराचं मटण घरोघरी होतं, त्यामुळे त्यात नवल काहीच नव्हतं. पण तेव्हाच ठरलं की मामाला घेऊन परत जायचं आणि या वेळी नीट बघायचं.

डिसेंबरात अमावस्येनंतरच्या तृतीयेला गेलो. दिवस मुद्दाम निवडला होता. आपल्याकडचा जुना हिशोब आहे ना, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ मिळते, तृतीयेला सव्वादोन, आणि त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे साधारण सव्वाआठला. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघूनच निघा, पण अंदाजाला हे गणित पुरतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओहोटीला पाणी खूप मागे हटतं आणि एरवी न दिसणारी वाळू उघडी पडते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाणी फारसं हलत नाही, तेव्हा फेरी फुकट जाते.

जायला आम्ही वर्सोवा मेट्रो, तिथून रिक्षाने जेट्टी, मग बोटीने पलीकडे मढ, आणि पुढे मालाडकडे जाणारी 271 नंबरची बेस्ट. येताना तीच बस थेट मालाड स्टेशनला. मढला बांबूच्या वलांड्यांवर बोंबील सुकत होते, लेक तिथेच रेंगाळली, हलेचना. एरंगळला चर्चच्या बाजूने खाली उतरलात की किनारा.

मामाने आल्या आल्या एकच गोष्ट सांगितली आणि दिवसभर तीच कामाला आली: दात हातात घेतला की कुठला प्राणी हे विचारायचंच नाही, आधी बघायचं की हा दात काय खायचा. वरचा चावायचा भाग बघायचा. त्यावर चंद्रकोरीसारख्या रेघा असतील तर रवंथ करणारं जनावर, गाय, म्हैस, शेळी, मेंढी. गोल टेकाडं असतील तर सगळं खाणारं, डुक्कर किंवा माणूस. सुरीसारखी धार असेल तर मांस खाणारं, आणि आपल्या किनाऱ्यावर ते बहुतेक वेळा कुत्रंच. कुत्र्याचा सुळा लेकीला लगेच सापडला. त्याचं मूळ बाहेरच्या टोकापेक्षा लांब असतं, त्यामुळे अख्खा सुळा हातात घेतला की तो भलत्याच मोठ्या जनावराचा वाटतो, बऱ्याच जणांना वाघाचा वाटतो.

सगळ्यात जास्त मिळाल्या त्या शेळीच्या आणि म्हशीच्या दाढा. म्हशीची दाढ अंगठ्याएवढी जाड, शेळीची करंगळीच्या पेराएवढी. आणि गायी-म्हशीच्या दाढेला दोन भागांच्या मध्ये एक बारीक खांब असतो, शेळी-मेंढीला तो नसतो, साइजवरून कळलं नाही तर हे बघायचं. घोड्याची दाढ मिळाली तर ती उंच, सरळ, चौकोनी असते आणि वर चंद्रकोरी नसून वेड्यावाकड्या घड्या दिसतात. एक शेळीचा वरचा जबडा मिळाला, पुढे दातच नाहीत, लेक म्हणाली, "आजोबा, याचे पुढचे दात पडले का?" पडले नव्हते, नसतातच. रवंथ करणाऱ्यांना वर पुढचे दात नसतात, नुसती कडक हिरडी असते, खाली मात्र आठ. मग मामा बैलबाजारात रंगला, आदत (सगळे दुधाचे दात), दुसा (दोन पक्के), चौसा (चार), सहादाती (सहा), जुळलेला (सगळे आठ), दुधाचे दात जाऊन पक्के दात जोडीजोडीने येतात त्यावरून वय कसं धरतात ते सगळं त्याने वाळूत काडीने काढून दाखवलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की बैलगाडा शर्यतीच्या जाहिरातीत आदत आणि दुसा लिहिलेलं असतं ते कशाबद्दल.

आता शार्कबद्दल, कारण प्रत्येक जण तोच शोधायला जातो. आपल्याकडे बाजारात दिसणारी मुशी बहुतेक लहान असते, तिचे दात इतके बारीक की वाळूत डोळ्याला लागत नाहीत. जबडाही मिळत नाही, कारण शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो. त्याऐवजी फसवणाऱ्या वस्तू ढीगभर मिळतात. खेकड्याच्या नांगीचं टोक (आतून पोकळ असतं, दात पोकळ शिंपल्यासारखा नसतो), माकुलाची चोच, आणि सगळ्यात फसवा म्हणजे शिंगाळ्याचा काटा, त्याला करवतीसारखे दाते असतात, जबड्याचा तुकडाच वाटतो. तो हाताने दाबून बघू नका, पाकटाच्या शेपटीचा काटाही नाही, घुसला तर फार दुखतं. आणि काळा दात म्हणजे जीवाश्म असं अजिबात नाही. खाडीच्या चिखलात हवेविना राहिला की आजचा दातही काळा पडतो.

खडकाजवळ एक अर्धा जबडा पडला होता, त्यात तीन दात, तिन्ही एकसारखे, शंकूसारखे, मूळ एकच. मामा खाली बसला आणि म्हणाला, "याला हात लावू नका." जमिनीवरच्या जनावराचे पुढचे दात आणि दाढा वेगवेगळ्या असतात, सगळे एकाच साच्यातले म्हणजे डॉल्फिन. (बिनपंखी पॉरपॉइज म्हणजे डॉल्फिनचाच छोटा भाऊबंद, त्याचे दात चपटे, फावड्यासारखे असतात.) वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे डॉल्फिन शेड्यूल एकमध्ये आहे, त्याचा दातसुद्धा घरी ठेवता येत नाही. लेक हिरमुसली, मला वाईट वाटलं, पण आम्ही शेजारी दहाचं नाणं ठेवून फोटो काढले, वनखात्याच्या 1926 हेल्पलाइनला कळवलं आणि जबडा तिथेच ठेवला. तेव्हा तिने विचारलं की 2016 मध्ये जुहूला आलेल्या मोठ्या देवमाशाचे दात कुणी नेले. तो ब्राइड्स व्हेल होता, त्याला दात नसतातच, तोंडात गाळणीसारख्या झालरी असतात. हे ऐकून तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

जाणार असाल तर जाड सोलचे बूट आणि ग्लोव्हज घ्याच. वाळूत सुया असतात, काचा असतात, अनवाणी चालू नका. पावसाळ्यात ब्लूबॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे डंख मारणारे निळे जीव येतात, तेव्हा मुलांना पाण्याच्या रेषेपासून लांब ठेवा. फोटो वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी काढा, शेजारी नाणं हवंच, दहाचं 27 मिलिमीटर असतं, त्यावरून साइज सांगता येते. दात खरंच माणसाचा वाटला, विशेषतः त्यात फिलिंग दिसलं, तर मी केली ती चूक करू नका, उचलू नका, फोटो काढून पोलिसांना कळवा.

घरी आणलेले दात साध्या पाण्यात भांड्याचा साबण घालून तीन-चार दिवस ठेवा, रोज पाणी बदला, मग सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेली आमची एक म्हशीची दाढ उभी तडकली. उकळू नका, ब्लीच तर नकोच, दात भुसभुशीत होतो.

डुकराची ती दाढ आता डबीत आहे, वर लेकीच्या अक्षरात "सहा टेकाडं" लिहिलंय. पौर्णिमेनंतरच्या चतुर्थीला परत जातोय, तेव्हा ओहोटी नऊच्या सुमारास असेल, मामा म्हणतोय की साडेसातची बोट पकडा.