पांढरा डाग, काळा डाग

जुन्या लाकडी सामानाचे पॉलिश दुरुस्त करताना कायमचे लक्षात राहिले ते पुण्यातल्या एका वाड्यातले सागवानी मेज. गरम भांडी टेकवल्याने त्यावर पांढरट चट्टे उमटले होते आणि एका कोपऱ्यात काळे वर्तुळ पडले होते. घरातल्या आजींचे म्हणणे एकच होते, ‘‘भाऊ, मशीनने घासून सगळे नव्यासारखे करून द्या.’’ परंतु सागाला वर्षानुवर्षे चढत गेलेला गडद रंग वरच्या पातळ थरातच असतो आणि घासले की तो भुशाबरोबर जातो. असा रंग घालवायला माझा हात धजत नाही, म्हणून आधी पॉलिश कोणते आहे ते पाहायचे ठरवले.

स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मेजाच्या पायाला आतल्या बाजूने टेकवून ठेवला. उचलू लागलो तेव्हा तो चिकटला होता आणि त्याला तपकिरी रंग लागला होता. म्हणजे हे चपड्याचे, लाखेचे पॉलिश होते. सुकलेली लाख स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते, त्यामुळे जुना थर खरवडून न काढताही दुरुस्त करता येतो. पॉलियुरेथेनच्या, म्हणजे प्लास्टिकसारखा थर देणाऱ्या आधुनिक पॉलिशच्या बाबतीत ही सोय नाही.

पांढरे चट्टे लाकडात नव्हतेच. उष्णतेने आणि वाफेने ओलावा लाखेत अडकला, की थर धुरकट दिसू लागतो. सुती फडक्याच्या पुरचुंडीला नावापुरते स्पिरिट लावून ती चट्ट्यांवरून अलगद फिरवत राहिलो. या कामात हात क्षणभरही थांबवून चालत नाही, कारण पुरचुंडी चिकटली की पॉलिश उपटून येते. थर मऊ पडून ओलावा निघून गेला आणि लाकडाच्या रेषा पुन्हा स्पष्ट दिसू लागल्या.

काळे वर्तुळ मात्र लाकडात उतरले होते. ओल्या लोखंडाची लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी प्रक्रिया होऊन असा डाग पडतो आणि त्यावर स्पिरिटचा काहीही उपयोग होत नाही. तेवढ्याच जागेचे पॉलिश काढून, हातमोजे घालून ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण लावले; ते विषारी असल्याने डाग फिकट झाल्यावर ती जागा पाण्याने नीट पुसून घेतली. पावसाळी हवेत लाखेचा नवा थरही पांढरा पडतो, म्हणून उघडीप मिळेपर्यंत थांबलो आणि मगच पातळ चपड्याचे थर चढवले.

वर्तुळाची अंधुक कड तरीही राहिली. आणखी आम्ल लावल्यास भोवतीचे लाकूड फिके पडेल, असे सांगितल्यावर आजींनी ती तशीच ठेवायला सांगितली. मेज परत नेताना गरम भांड्याखाली जाड चटई घालायला आणि सॅनिटायझरची बाटली मेजापासून लांब ठेवायला मी त्यांना बजावले, कारण त्यातले अल्कोहोल सांडले तर हीच लाख विरघळू लागते.