देवाशी बोलताना माझा आवाज बदलायचा

आमची बुधवारची प्रार्थना सभा ऐरोलीत घरोघरी फिरती असते, आणि शेवटची प्रार्थना कोण करणार म्हटलं की कित्येक वर्षं सगळे माझ्याकडेच बघायचे. मला ते जमायचं ना. "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी अपात्र लेकरे नम्रभावाने तुझ्या चरणी येतो" अशी सुरुवात झाली की पुढची सात-आठ मिनिटं वाक्यामागून वाक्य येत राहायचं, मध्ये स्तोत्रसंहितेतली एखादी ओळ, शेवटी आवाज जरा भरून आलेला. नंतर चहा घेताना कोणीतरी म्हणायचंच, ताई किती छान प्रार्थना करता हो. मला बरं वाटायचं, खूप बरं वाटायचं, खरं तेच सांगते. आणि घरी गेल्यावर पुढच्या बुधवारपर्यंत मी देवाशी एक शब्द बोलायचे नाही.

तीन वर्षांपूर्वी पप्पा ठाण्याला आयसीयूत होते. रात्री आमच्या चर्चच्या मंडळीतले पाच-सहा जण आले, आम्ही कॉरिडॉरमध्ये गोल करून उभे राहिलो आणि प्रार्थना अर्थातच मला करायला सांगितली. मी केली. कुठेही न अडखळता, नेहमीसारखीच. आणि बोलता बोलताच मला आतून गार पडल्यासारखं झालं, कारण पप्पा काचेपलीकडे नळ्या लावून पडलेत आणि माझं लक्ष वाक्याचा शेवट नीट होतोय ना याच्याकडे होतं.

सकाळी अंघोळीला घरी जायला ट्रान्स हार्बरची गाडी पकडली. लेडीज डब्यात खिडकीजवळ बसले, गाडी सुटली, आणि तोंडातल्या तोंडात एवढंच निघालं, "बघ ना, मला काही सुचत नाहीये. भीती वाटतेय खूप. तू ये ना." बस. आमेनसुद्धा म्हटलं नाही. ऐरोली येईपर्यंत रडत होते, समोरच्या बाईने न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

पप्पा चौथ्या दिवशी गेले. म्हणजे प्रार्थना ऐकली आणि पप्पा बरे झाले अशी साक्ष माझ्याकडे नाही. पण त्या गाडीत कोणीतरी माझं ऐकून घेत होतं, हे मी कुठेही उभं राहून सांगेन.

दफनानंतर दोन दिवसांनी माझी ट्रेनमधली मैत्रीण घरी आली. पंधरा वर्षं आम्ही एकाच डब्यात, भाज्या निवडत, भांडत, झोपा काढत. तिने सांत्वनाचं काहीच म्हटलं नाही. मेथीची जुडी घेऊन आली होती, ती पेपर पसरून खालीच बसली आणि निवडायला लागली. मग उठून स्वतःच डबे शोधले, पिठलं-भात केला आणि माझ्यासमोर ताट ठेवून म्हणाली, आधी खा. मी चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

काही महिन्यांनी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय वाचताना मला ते ताट आठवलं. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये शिष्यांच्या जाळ्यात आलेले ते 153 मासे पाठ केलेले, पण किनाऱ्यावर काय चाललंय ते कधी नीट बघितलंच नव्हतं. येशूला धरलं त्या रात्री त्याच्याच शिष्याने, पेत्राने, त्याला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलंय. तेही कोळशाच्या शेकोटीपाशी, हात शेकत उभा असताना. आणि आता पुनरुत्थान झालेला प्रभू तिबिर्या सरोवराच्या किनाऱ्यावर परत कोळशाचा विस्तव करून, त्यावर मासळी ठेवून बसलाय. मूळ ग्रीकमधला कोळशाच्या विस्तवाचा तो शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. रात्रभर जाळं टाकून दमलेल्या माणसांना तो म्हणतो, या, न्याहारी करा. जाब नाही, माफीनामा नाही. "माझ्यावर प्रीती करतोस का" हा प्रश्न येतो, तीन वेळा येतो, पण जेवणं झाल्यावर. आधी खा.

पंडिता रमाबाईंचं पण मला फार वाटतं. त्यांचा बाप्तिस्मा 1883 ला इंग्लंडमध्ये झाला, 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं, म्हणजे काम जोरात होतं. तरीही त्या 1907 च्या आपल्या साक्षीत लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी मोठी बाई हे उघड लिहून ठेवते! माझी तर आठ काय, चांगली वीस वर्षं त्यात गेली.

आणि खरंतर आपल्या भाषेतच सगळं आहे. मराठीत देवाला कोणी "तुम्ही" म्हणतं का? आईला तू, देवाला तू. तुकोबा विठ्ठलाशी भांडले तेसुद्धा तू म्हणून. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या अभंगांवर जीव लावलेले, 1895 ला ख्रिस्ती झाले तरी येशूशी अभंगातच बोलत राहिले. मीही तूच म्हणायचे, पण बाकी सगळं साहेबांना अर्ज लिहिल्यासारखं. बायबलमधला अब्राहाम बघा, देव नाश करायला निघालेल्या सदोम नगरासाठी त्याच्याशी घासाघीस करतो, पन्नास नीतिमान असले तर, बरं पंचेचाळीस, चाळीस, असं करत दहापर्यंत आणतो, आणि पवित्र शास्त्र त्यालाच देवाचा मित्र म्हणतं.

हे सगळं एकदा मी मंडळीत बोलले तेव्हा पप्पांच्या बरोबरीचे एक काका म्हणाले, बाळा, मैत्री मैत्री म्हणताना देवाचा धाक निघून जातो. मी त्यावर बरेच दिवस विचार केला, कारण त्यांचं चुकीचं नाहीये. येशूने "मी तुम्हाला आता दास म्हणत नाही, मित्र म्हटलंय" असं सांगितलं त्याच्या जस्ट आधीचं वाक्य आहे की मी सांगतो ते कराल तर तुम्ही माझे मित्र. पण मला विचाराल तर धाक आता जास्त आहे. पूर्वी उपासनेला उशीर झाला की लोक काय म्हणतील याची भीती असायची. आता ऑफिसमध्ये कोणाला तोडून बोलले की घरी येताना गाडीत देवाला सांगावं लागतं, आणि तो गप्प बसून ऐकतो तेव्हा फार लाजल्यासारखं होतं, दुसऱ्या दिवशी जाऊन सॉरी म्हणावंच लागतं. रमाबाईसुद्धा ख्रिस्त सापडल्यावर स्वस्थ बसल्या नाहीत, 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या, केडगावला त्यांना घर दिलं.

चर्चच्या कॉयरमध्ये गाणं मी सोडलेलं नाही, उपासना चुकवत नाही, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, उपास पण करते. फक्त बुधवारी शेवटची प्रार्थना मीच करायची हे बंद केलं. मागच्या बुधवारी सभा राहुरीकडच्या एका आजींच्या घरी होती. त्या कधीच मोठ्याने प्रार्थना करत नाहीत, मला तुमच्यावानी बोलता येत नाही म्हणतात. त्या दिवशी मीच म्हटलं, आजी, येतं तसं बोला. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाल्या, "बाबा, गुडघे लई दुखत्यात, तुला ठावं हाय. आज काय मागत न्हाय. बसते नुसती तुझ्यापाशी."

मग आम्ही सगळेच बसलो. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, खालून रिक्षा गेली. आमेन म्हणायचं कोणालाच सुचलं नाही.