काट्यावरचं घड्याळ

वणी भागात कापसाचा हंगाम भरात आला की जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग डांबरी रस्त्याला लागते. त्या जिनिंगात भाव दिवसातही बदलायचा, आणि कोणत्या गाडीला कोणता भाव, हे गाडीच्या वजनकाट्याच्या पावतीवर छापलेल्या वेळेवरून ठरायचं. त्या संध्याकाळी मुनीमजींच्या टेबलापुढे एक काका पावती हातात धरून उभे होते. "माही गाडी काट्यावर चढली तवा नवा भाव लागला होता न जी! मंग पावतीवर आधीचा टाइम कसा काय आला?"

काकांचं खरं होतं. पावती मागे पडली होती, आणि क्विंटलमागचा फरक त्यांच्या खिशातून जात होता.

काट्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे माझं काम. मशीन जुनं, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं, जोडीला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. टाइम कमांड देऊन पाहिली, तर डॉसची वेळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळली. म्हणजे मदरबोर्डचा दोष नाही. मागे पडत होतं ते पावतीच्या प्रोग्रामचं स्वतःचं घड्याळ. मुनीमजी बोलता बोलता म्हणाले, "आवक कमी असली का बरोबर चालते जी, गर्दी झाली का मागं पडते." हे ऐकलं आणि मी प्रिंटरकडे पाहू लागलो.

प्रोग्राम सुरू होताना एकदा वेळ वाचायचा आणि पुढे टायमरचे ठोके स्वतः मोजायचा. पीसीचा टायमर सेकंदाला सुमारे १८.२ वेळा इंटरप्ट ८ देतो, म्हणजे चालू काम क्षणभर थांबवायची हाक. त्या हाकेला धावणाऱ्या कोडचा, म्हणजे हँडलरचा, पत्ता मेमरीत ०:२० या जागी असतो (मेमरीचे पत्ते हेक्समध्ये, म्हणजे १६च्या पायावर मोजलेले). तो बदलून प्रोग्रामने आपल्या कोडकडे वळवला होता. डीबग या डॉसच्या तपासणीच्या प्रोग्राममध्ये तो कोड उघडला. कामाच्या ओळी दोनच. बी३४ या ऑफसेटवरचा, म्हणजे मेमरीच्या तुकड्याच्या सुरुवातीपासून तितक्या अंतरावरचा, आकडा एकने वाढवायचा आणि मूळ हँडलरकडे उडी मारायची. उडीच्या ओळीला 'सीएस:' लावलेलं, वाढवायच्या ओळीला काहीच नाही. मेमरीचा कोणता तुकडा, म्हणजे सेगमेंट, घ्यायचा हे प्रोसेसर या खुणांवरून ठरवतो: सीएस कोडच्या तुकड्याची, डीएस माहितीच्या. खूण दिली नाही, म्हणजे तिथे प्रोसेसर डीएस धरणार.

पण इंटरप्टच्या क्षणी डीएस कोणाचा असेल? जे चालू होतं, त्याचा. हँडलरमध्ये शिरताना खात्रीचा असतो फक्त सीएस. हा प्रोग्राम कॉम फाइल या डॉसच्या साध्या प्रकारातला होता, त्यात सीएस आणि डीएस एकच असतात; म्हणून प्रोग्रामचा स्वतःचा कोड चालू असेपर्यंत मोजणी अगदी चोख. पावती छापायला घेतली की काम बायोसकडे, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रामकडे, जायचं, आणि बायोस आपल्या माहितीसाठी डीएसमध्ये ४० हा सेगमेंट भरतो. प्रिंटरची वाट पाहण्यात तिथेच वेळ जायचा. तेवढ्या वेळातले ठोके घड्याळात पडायचेच नाहीत.

मग पडायचे कुठे? सेगमेंटची १६ पट अधिक ऑफसेट, सगळं हेक्समध्ये: ४०० आणि बी३४ मिळून एफ३४. ती डॉसची स्वतःची जागा. प्रत्येक पावतीगणिक तिथला आकडा कोणीतरी गुपचूप वाढवत होतं. हंगामात मशीन मधूनच अडकायचं, त्याचं खापर इतकी वर्षं विजेवर फुटत आलं होतं. मला स्वतःला घड्याळापेक्षा हीच गोष्ट जास्त लागली.

सरळ बायोसचाच ठोक्यांचा आकडा वाचावा, असंही मनात आलं. तो ४०:६सी वर असतो. ०:४६सी म्हटलं तरी बाइट तोच. पण मध्यरात्री तो शून्यावर येतो आणि हंगामात काटा रात्रभर चालतो, तेव्हा तारखेचा हिशेब नव्याने बसवावा लागला असता. त्यापेक्षा हँडलर फाइलच्या शेवटी हलवला आणि वाढवायच्या ओळीआधी २ई हा एक बाइट घातला. 'सीएस:' म्हणजे हाच बाइट. मग मुनीमजींना सलग पावत्या छापायला लावल्या. घड्याळ मागे पडलं नाही.

काकांच्या गाडीची फाटकावरच्या वहीतली नोंद मुनीमजींनी काढली आणि फरक रोख दिला. तोच प्रोग्राम मारेगाव रस्त्यावरच्या आणखी काट्यांवर चालत होता. फ्लॉपीवर नवी फाइल घेतली आणि रात्रीच तिकडे निघालो. सकाळी तिथेही गाड्या लागणार होत्या.