बार झाला की आधी पाणी, मग तेल

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात ज्यांच्या बागायती डोंगराला लागून आहेत, त्यांच्यातल्या काही घरांत अजून लायसन्सवाली ठासणीची बंदूक, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची, आहे, पिकाच्या राखणीसाठी. काजूच्या मोसमात माकडं हाकलायला गोळी न घालता नुसत्या बंदुकीच्या दारूचा बार काढतात. बार काढणारे बरेच आहेत पण नंतर नळी धुणारे फारच थोडे, आणि हे मला मनापासून खटकतं, कारण आजोबा-पणजोबांनी जपलेल्या या बंदुका वापरून खराब होत नाहीत, न धुता भिंतीला टांगून ठेवल्या की होतात.

बहुतेकांचं म्हणणं एकच, लोखंडाला पाणी लावलं तर गंजणार नाही का? म्हणून घासलेटात बुडवलेलं फडकं एकदा फिरवायचं, वरून मशीनचं तेल सोडायचं आणि झालं. पण इथेच घोळ आहे.

काळी दारू म्हणजे साधारण 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक. ती जळली की सगळीच धूर होऊन उडून जात नाही, वजनाने निम्म्याहून जास्त भाग घनरूपात उरतो, त्यातला बराचसा धुरात जातो आणि बाकीचा नळीच्या आत बसतो. आपण त्याला काजळी म्हणतो खरं, पण त्यात नुसता कोळसा नसतो, पोटॅशियमचे क्षार असतात, आणि हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. आमच्याकडची हवा कशी असते ते सांगायला नको, जूनमध्ये कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. रात्रभरात ती काजळी ओली होते आणि नळी आतून खायला लागते. हे क्षार घासलेटात विरघळत नाहीत, तेलातही नाही, पाण्यात विरघळतात. वरून तेल ओतलं की क्षार तेलाखाली तसेच राहतात आणि गंज आतल्या आत चालू राहतो.

धुण्याआधी नळी रिकामी आहे याची खात्री करा, हे कधीच चुकवू नका. गज, म्हणजे दारू ठासायची लांब काठी, आत तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी बोटाने पकडायचा, मग बाहेर काढून नळीला लावून बघायचा. गजाचं टोक टिकली (ठोका बसला की पेटून आतली दारू पेटवते ती) बसते तिथपर्यंत पोचलं पाहिजे. चार बोटं अलीकडेच राहिलं तर आत काहीतरी आहे, मग स्वतः उपद्व्याप न करता लायसन्सवाल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडे न्या.

लाकडी दस्त्यातून नळी सुटत असेल तर सोडवा, निप्पल, म्हणजे टिकली बसते ती भोकाची बोंडी, काढा आणि मागचं टोक बादलीत उभं करा. बादलीत कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पुरेत. गजाला जुन्या सुती धोतराची चिंधी घट्ट गुंडाळून वरखाली केलं की निप्पलच्या भोकातून पाणी पंपासारखं आत-बाहेर होतं. पहिल्यांदा पाणी काळंकुट्ट येतं आणि कुजलेल्या अंड्याचा वास सुटतो, तो गंधकाचा, घाबरू नका. मग पाणी राखाडी होतं, मग स्वच्छ. शेवटी साध्या पाण्याने साबण धुवून काढा. उकळतं पाणी लवकर सुकतं म्हणून काहीजण तेच वापरतात, पण त्याने कधीकधी लगेच पातळ तांबूस गंज धरतो, म्हणून मी कोमटच वापरते. त्यानंतर कोरड्या चिंध्या, पांढरी चिंधी पांढरीच बाहेर येईपर्यंत.

तेल यानंतर, आणि तेही पातळ हाताने. ठेवणीसाठी शिलाई मशीनचं तेल चालतं, फक्त पुढच्या बाराआधी ते पूर्ण पुसून काढायचं, नाहीतर खनिज तेल आणि काजळी मिळून डांबरासारखा चिकट थर होतो. बार काढायच्या दिवशी हात फिरवायचा तर मेण आणि खोबरेल वितळवून केलेलं मलम बरं, त्याने काजळी मऊ राहते. आमच्या आजीच्या वेळी यात भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, घालत, थंडीत टाचांना लावतो तेच, आणि मला ते आवडतं कारण खोबरेलासारखं ते आमच्या उकाड्यात पातळ होऊन वाहत नाही. जवसाचं तेल मात्र फक्त लाकडी दस्त्याला, नळीत ते सुकून कडक होतं.

तेल लावल्यावर एक रात्र तोंड खाली करून ठेवा. दस्त्यावर उभी ठेवली तर जादा तेल खाली उतरून निप्पलच्या वाटेत जमतं आणि ऐनवेळी टिकली वाजते पण बार होत नाही, जे वैतागवाणं आहेच आणि धोक्याचंही, कारण तो बार उशिराही सुटू शकतो. म्हणून तसं झालं तर नळी मोकळ्या दिशेला धरून थोडा वेळ थांबा, लगेच तोंडाकडून डोकावू नका.

निवडणूक आली की बंदुका पोलिसात जमा कराव्या लागतात आणि आचारसंहिता संपेपर्यंत त्या तिथेच असतात, म्हणून देण्याच्या आदल्या दिवशी धुवून, सुकवून, नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल लावून द्या. परत आणल्यावरही आधी गज टाकून बघा, मग एक कोरडी पांढरी चिंधी फिरवा. तपकिरी निघाली तर त्याच संध्याकाळी पुन्हा बादली काढा.